शेरा

वाडीच्या गोदामात सिस्टिम बसली
तेव्हा पडद्यावर मिरचीची चारशे पोती होती
आणि जमिनीवर तीनशे एकोणनव्वद.
अकरांचा तपास करायला पुण्याहून एक मुलगा आला.
गळ्यात पट्टा, बगलेत लॅपटॉप.
फळ्यावर त्यानं तीन चौकोन काढले:
आत येतं ते, मधे होतं ते, बाहेर जातं ते.
मग बाहेरून वळून परत आत येणारा एक बाण.
"हा नसला तर सिस्टिम आंधळी," म्हणाला.
आम्ही माना हलवल्या.
बाहेर सेहेचाळीस, कूलरचा वाळा सुकून राहिला होता.

गुणवंत हेडाऊ निवृत्त होऊन दोन महिने झालेले.
त्यांच्या एकोणीस वह्या माझ्या टेबलाखाली,
पाय ठेवायला बऱ्या.
मला काम मिळालं: जुनं सगळं नव्यात टाका.
तारीख टाकली. वजन टाकलं. गाडी नंबर टाकला.
शेवटचा रकाना उरला, शेरा.
त्याला पडद्यावर जागाच नव्हती.

४० चे ३९. मे महिना. सुकली, चोरली नाही.
पावती भिजली, माल खरा.
ड्रायव्हर रडत होता. काट्यावर घाई केली नाही.
उंदीर. मांजर मागवली. मंजुरी नाही.
११ पोती जिन्याखाली हलवली, पत्रा गळतो. कोणाला तरी सांगणे.

तो कोणी तरी मी निघाले,
दहा महिन्यांनी.

मुलानं कारणांची यादी करून दिली, एक ते नऊ.
नववं: इतर.
महिनाअखेर रंगीत गोल छापून आला,
त्यात एकसष्ट टक्के इतर.
साहेब म्हणाले, हा इतर कोण आहे बे,
त्याला माझ्याकडे पाठवा.

मग मला एक फट सापडली.
पुरवठादाराच्या फॉर्मवर
पत्ता, ओळ दुसरी. चाळीस अक्षरं.
कोणी वाचत नाही अशी जागा.
रोज संध्याकाळी, मालाच्या गाड्या गेल्यावर,
मी हेडाऊंना चाळीस अक्षरांत बसवू लागले.
वेलांट्या मोजत. कधी एक पूर्णविराम गिळत.

मार्चचे हिशेब छापले गेले.
लिफाफ्यांवर पत्ते आपोआप.
मस्कासाथला एक लिफाफा पोचला तो असा:

झाडे ट्रेडर्स,
मिरचीला पाणी मारतात. माणूस चांगला.
इतवारी, नागपूर.

झाडे शेठ स्वतः आले.
मला वाटलं, गेली नोकरी.
ते पंख्याखाली बसले, दोन गिलास पाणी प्यायले,
लिफाफा मांडीवर सरळ केला.
"हे वाक्य हेडाऊचं," म्हणाले.
"वीस वर्षं काट्यावर उभा राहिला, तोंडानं कधी बोलला नाही.
मला वाटे, याला समजतच नाही."
मग थोडं थांबून:
"चांगला असं लिहिलंय ना पण?"
लिहिलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

पुढच्या खेपेची पोती कोरडी आली.
हात घातला तर खडखड वाजली,
अख्खं गोदाम शिंकलं.
पुण्याला फोन करून सांगावं वाटलं,
तुमचा तो बाण आला म्हणून,
मस्कासाथेवरून, स्कूटरवर बसून.
पण तिकडं नोंदवायला
तिकीट नंबर मागतात.

मी ती ओळ बदलली: आता कोरडी येते.
पुढचा लिफाफा परत आला.
गल्ली नंबर होता तिथं मीच हे वाक्य बसवलेलं,
जुना पोस्टमन बदलीवर गेलेला,
आणि नव्यानं कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं,
तिरकं, घाईत, उन्हात थांबून लिहावं तसं:
पत्ता अपूर्ण. दोनदा फिरलो.

त्याचं ते "दोनदा फिरलो" कुठल्या कोडात टाकायचं
मला ठरवता आलं नाही.
विसावी वही आणायला
मी दुपारी सीताबर्डीला गेले.