दुवा

बाचानानं पोझ्नानहून पाठवलेली डिस्क
लोकरीच्या एका मोज्यात गुंडाळून आली.
दुसरा मोजा पुढच्या पार्सलात, म्हणाला.
काळी, चपटी, बिस्किटाएवढ्या वजनाची.
कानाशी धरली, हलवून पाहिली :
आत काही फिरत नाही, काही वाजत नाही.
"मावशी, ही पळते. पण दोनशे चाळीस जीबीच आहे.
लहान तोंडी मोठा घास देऊ नकोस."

घास!
कुताइसीतली एकोणीस वर्षांची लग्नं आहेत माझ्याकडे.
टेबलाखालच्या चार टीबीच्या जुन्या डिस्कवर,
जी दिवसभर घरघरते
आणि मध्यरात्री मध्येच, कोणी अक्रोड फोडावा तसं,
कट्ट करते.
मी जागी होते. श्वास धरते.
पुन्हा घरघर सुरू झाली की कूस बदलते.

तर वाटणी.
आधी विंडोज. मग एडिटिंगचं सॉफ्टवेअर, ते तर खादाडच.
उरलेल्या जागेत हाताशी काय ठेवायचं?
बाचाना म्हणाला, शेवटचं कधी उघडलंस ते बघून लाव.
लावलं.
सगळ्यात वर आली उधारीची यादी.
चौदा केबी.
इतकी माणसं, इतकं देणं, आणि जागा म्हणशील तर
मिठाच्या खड्याएवढी.
तिला ठेवलं लहानीवर. तिथं ती लगेच उघडते,
पैसे तरी कुठे लगेच येतात.

खाली सरकत गेले.
दोन हजार बाराचं ते लग्न, ज्यात पाऊण तास टोस्ट चालला
आणि नवरा खुर्चीतच झोपला.
मोडलेली लग्नं, मला ठाऊक असलेली सात.
त्यांचं काय करू? पुसून टाकू?
तीन वर्षांनी एका नवरीची आई आलीच होती :
"जावई काढून टाका, फक्त आजोबांचं गाणं द्या."
आजोबा त्याच्याच खांद्यावर हात ठेवून गात होते.
मी खांद्यापर्यंत कापलं.
तो हात अजूनही कुणाच्या तरी खांद्यावर आहे,
कुणाच्या ते दिसत नाही.

सगळी लग्नं मोठीवर. जा बायांनो, तिथं ऐसपैस बसा.

पण सॉफ्टवेअर अडून बसलं.
त्याला सगळं जुन्याच पत्त्यावर हवं होतं,
लाल चौकटी, लाल चौकटी, फाइल सापडत नाही.
रात्री अकराला बाचानाला उठवलं.
तो पहाटेच्या पाळीला जातो, गोदामात, खोकी लावायला.
जांभई देत म्हणाला, "दुवा टाक."
मला वाटलं, आशीर्वाद मागतोय.
मग त्यानं एकेक अक्षर सांगून ओळ लिहून घेतली :
फोल्डर मोठीवर, लहानीवर त्याचं नुसतं नाव.
सॉफ्टवेअर येतं, नाव वाचतं, दार उघडतं,
आणि पोचतं भलतीकडेच. त्याला कळतही नाही.
"खोटंच की हे," मी म्हणाले.
"खोटं कसं? फाइल आहे ना?
फक्त तिथं नाही."

सकाळी सगळं उघडून पाहिलं.
सॉफ्टवेअर चहा गाळायच्या आत हजर.
मग एका जुन्या लग्नावर क्लिक केलं.
काहीच नाही.
मग टेबलाखाली, गुडघ्यावर हात टेकून
कोणी उठावं तशी, ती हळूहळू फिरू लागली,
आणि नवरी आली. पदर नीट करत. नाही, बुरखा.
रिओनीच्या पुलावर वारा होता त्या दिवशी.

तेवढ्यात बेल.
वीज कंपनीचा माणूस, हातात यादी,
खालच्या पेटीवरचं नाव वाचून आलेला.
ती पाटी मी दर ईस्टरला पुसते.
बाचानाचं बिल मीच भरते, त्याच्या खोलीत
माझे ट्रायपॉड, दोन दिवे, आणि त्याचा पलंग.

"बाचाना इथंच राहतो ना?"

आतून घरघर ऐकू येत होती.

"हो," मी म्हणाले. "कुठे सही करू?"