इतर

या गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरं.
वॉर्सेस्टर नाही हो, वूस्टर.
इथेच मला काम मिळालं,
घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला संवाद
सुधारणारं अ‍ॅप आखायचं.
भिंतीला कान असतातच,
तोंड द्यायचं काम माझं.

हिरवं बटण काढलं, गोल कडांचं.
तक्रार निवडा: नळ, हीटर, उंदीर, कुलूप,
आणि तळाला, कुठेच न बसणाऱ्यांसाठी,
इतर. दोनशे अक्षरं.
पोचलं की एक खूण, वाचलं की दोन.
मागचा पत्ता विचारणारा रकाना मात्र
मी काढून टाकला.
आमच्याकडे भाडेकरूला कूळ म्हणत,
आणि कूळ विचारू नये, असंही.

चाचणीला मिळालं व्हर्नन हिलवरचं
तीन मजली लाकडी घर.
खाली मालकीण अल्दोना, एक्याऐंशी वर्षांची.
मधे क्वाबेना, रात्रपाळीचा नर्स.
वर यादिरा आणि तिची दोन मुलं.

अल्दोनाबाईंनी फोन उलटसुलट पाहिला,
म्हणाल्या, आमचं आहे की आधीच.
आणि चमच्यानं रेडिएटरच्या पाइपावर
दोनदा वाजवलं.
वरून एक टण्.
त्याच्याही वरून, जरा उशिरानं, एक.
दोन म्हणजे, थंडी वाजते का?
एक म्हणजे, नाही.
आणि तीन?
तीन अजून कुणी वाजवले नाहीत.

मी वहीत लिहिलं: जुनी यंत्रणा, पुरावा राहत नाही.

सहा आठवडे. एक्केचाळीस निरोप.
नळाचे चार, हीटरचे सहा,
उंदराचा एक, तोही यादिराच्या धाकट्यानं
खिशातून आणलेला निघाला.
बाकी सगळे
इतर.

या महिन्याचं भाडं दोनदा करून देते,
कारण विचारू नका.
नाही विचारत.
मधल्या मजल्यावर कुणी झोपेत बोलतं, दिवसा.
तक्रार नाही, नुसतं कळवते.
जिन्यावरचा बर्फ कुणी काढला?
मी नाही.
मीही नाही.

मग क्वाबेनाचा, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी:
काल दोन माणसं घराचे फोटो काढत होती.
विकताय का?

दोन खुणा उमटल्या.
उत्तर नाही.
दुसऱ्या दिवशी नाही, नवव्या दिवशी नाही.
पूर्वी न ऐकल्याचं सोंग घेता यायचं,
ती सोय मी काढून घेतली होती.

दहाव्या रात्री पाइप वाजला.
तीनदा.
यादिरा सांगते,
दोघंही मोज्यांवरच खाली धावले,
क्वाबेनाच्या हातात रक्तदाब मोजायचं यंत्र.
दार उघडंच होतं.
टेबलावर तीन कप मांडलेले.

आत काय बोलणं झालं
ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

अ‍ॅपमध्ये तो निरोप अजून उघडा आहे.
नियम माझाच:
तीस दिवसांत उत्तर नसेल, तर आपोआप बंद.
आज अठ्ठाविसावा.