आमच्या वेळी

सोहारला एप्रिलमध्येच
फळ्यामागची भिंत तापायला लागते.
तेजल उबाळे हिंगोलीहून आली,
तिला सातवी 'ब' दिली. माझीच जुनी.
मी तिला खडूचा डबा दिला, हजेरीपट दिला,
तिसऱ्या बाकावरचा फहीम उत्तर पाठ करतो, रीत नाही,
हेही सांगितलं.
पगाराचं सांगितलं नाही.

करार तिनंच दाखवला मधल्या सुट्टीत,
लोणच्याचं तेल लागू नये म्हणून कोपरा दुमडून:
दोनशे नव्वद रियाल. नवीन श्रेणी.
मी चारशे दहाला लागले होते,
चौदा वर्षांपूर्वी, ह्याच खुर्चीत.
तेव्हा शंभर बैशांना सहा खुब्ज यायचे,
आता चार.

मी गणित शिकवते.
व्यस्त प्रमाण सातवीला नाही, आठवीला आहे,
म्हणून गप्प बसले असेन.

बसवाला खमीस परवा सांगत होता,
त्याच्या झुवैनाला चार वर्षं वाट पाहून
साहमच्या सरकारी शाळेत नेमणूक मिळाली.
बसमध्ये सगळ्यांना हलवा वाटला त्यानं,
केशर लागलेलं बोट पुसलं,
मग आरशात बघत म्हणाला, हिच्या मोठ्या बहिणीपेक्षा
एक पायरी खालून.
ती पायरी पूर्वी नव्हती.
तेवढ्यासाठी जमीन खणली कुणी तरी.

"मॅडम, तुम्हाला सुरुवातीला किती होता?"
तक्रार नव्हती तिच्या विचारण्यात.
नव्या गावात बिऱ्हाड टाकलं की विचारतात ना,
पाणी किती वाजता येतं, तसं.

"आमच्या वेळी?" मी म्हणाले,
"अगं, याहून कमी."

इतकी वर्षं पोरांच्या समासात
लाल पेनानं लिहीत आले:
कसं आलं ते दाखव.
तिनं काही दाखवायला सांगितलं नाही.
मान हलवली, डबा उघडला,
तिला बरं वाटलं.
मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी
बरं वाटणार नाही.

सुटल्यावर फाटकाबाहेर करक घेतला.
मी दोघींचे काढत होते.
ती म्हणाली, नको मॅडम, हिशेब वेगळा बरा,
आणि शंभर बैशांची मळकी नोट
पेल्याखाली दाबून ठेवली,
वाऱ्यानं जाऊ नये म्हणून.

वारा नव्हता त्या दिवशी.