कन्सील्ड

शिडी घसरली, असं सांगितलं मी.
कळव्याच्या ओपीडीत केसपेपरवर
तेच उतरलं: शिडीवरून पडून.

डॉक्टर खंडागळे, वय माझ्या भाचीएवढं,
एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून म्हणाल्या,
शिडीवरून पडणाऱ्याचं मनगट जातं, काका.
करंगळीच्या मुळाचं हे हाड
भिंतीवर जातं.
पुढे काही विचारलं नाही.
कागदावरची शिडी तशीच राहू दिली.

काखेत सुई देऊन हात झोपवला.
मी जागा. मध्ये हिरवं कापड,
पलीकडे माझा हात
दुसऱ्याच कुणाच्या साइटवर गेलेला.
मग ड्रिल सुरू झालं
आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.
सव्वीस वर्षं हा आवाज ऐकत डबा खाल्लाय.
प्लास्टरमध्ये भरड, विटेत खोल,
आरपार गेला की मोकळा.
हाडाचंही तेच.
कडक, मग मऊ, मग पुन्हा कडक.
"बस, निघालं पलीकडे," बोलून गेलो.
मशीनवरचा पोरगा हसला.
बाई हसल्या नाहीत. थांबल्या,
पडद्यावर बघितलं,
म्हणाल्या, बरोबर.

दोन तारा, दीड एमएमच्या.
टोकं कातडीबाहेर, हुकासारखी वाकवलेली,
महिन्याने ओढायला सोपं म्हणून.
ही कसली फिटिंग?
ना कन्सील्ड, ना ओपन.

किसननगरच्या खोलीत
स्विचबोर्डच्या डावीकडे पोपडा निघालाय.
त्या बोर्डाचा पाइप मीच टाकलेला.
कुठून काय जातं, डोळे मिटून सांगेन.
सर्वेश तिथेच टेकून उभा होता.
म्हणाला, आयटीआयला नाही जाणार,
तुमच्यासारखा लोकांच्या भिंती फोडत नाही बसणार.
हात उचलला गेला.
उचललेला हात कुठेतरी उतरावा लागतो.
त्याच्या कानापासून वीतभर.
मोरीतला नळ बंद झाला
आणि मग बराच वेळ
त्याची आईसुद्धा बाहेर आली नाही.

आता डिलिव्हरीला निघायच्या आधी
तो माझ्या हाताला पिशवी चढवतो,
वर रबर, आत पाणी जाऊ नये म्हणून.
अंघोळीनंतर तारांच्या टोकांशी
कापसाने औषध लावतो, श्वास धरून,
जणू चालू लाइनला हात लावतोय.
बोलत नाही. मीही.
मेन स्विच कुणी पाडलाय, दोघांनाही ठाऊक.

एकतिसाव्या दिवशी काढल्या. भूल नाही.
बाईंच्या हातात पक्कड, माझ्या पेटीतलीच वाटावी,
फक्त चकचकीत.
"फिरवत काढा, सरळ ओढली तर अडते."
"माहितीये, काका."
पहिली आली. दुसरी आली.
दुखलं म्हणावं असं नाही;
आतून कुणीतरी मुकाट उठून गेल्यासारखं.
दारात सर्वेश, हेल्मेट पोटाशी धरून.
बघत होता की नव्हता, कळलं नाही.

तारा कागदात गुंडाळून दिल्या.
पेटीत ठेवल्यात, टेस्टरशेजारी.
कुठल्याच कामाच्या नाहीत.

त्याने पुट्टीचं पाकीट आणलंय,
दाराशी पडून आहे.
मूठ पुरती वळत नाही अजून, करंगळी बाहेर राहते.
फिजिओवाली म्हणते, रोज पन्नास वेळा मूठ वळा.
वळतो मी,
भिंतीकडे पाठ करून.