ओला गिलावा

चाळीस वर्षं मी भिंती गुळगुळीत केल्या.
लिएपायातल्या कितीतरी घरांत
चुन्याखाली माझा हात झोपलाय.
दिसत नाही,
म्हणजे काम चांगलं झालं.

आता दर गुरुवारी
अग्निशमन ठाण्याच्या वरच्या खोलीत
(खाली बंब धुताना पोरं शीळ घालतात)
स्कायद्रीतेबाई माझ्या मुठीत
बोटाएवढी थापी देतात.
म्हणतात, गुनवाल्दिस, सारवू नका.
ठेवा.

ठेवा म्हणजे काय
ते तीन गुरुवार कळलंच नाही.
रंग ठेवला की मनगट आपोआप वळतं,
उंचवटा दिसला की त्याला खाज सुटते.
शेजारची सतरा वर्षांची ईल्झे,
गालाला निळा रंग लागलेला,
वाकून बघते नि खिदळते:
तुम्ही तर फुलाला गिलावा केलात!

जूनमध्ये बाजारातून पिओनी आणायला गेलो.
सहा द्या म्हटलं.
विकणारी बांधता बांधता थांबली,
हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?
कुणी नाही. चित्रासाठी.
तिनं एक काढून घेतली, सुटे परत दिले.
सम आकडा मेलेल्यांचा, विषम जित्यांचा,
हे काय मला माहीत नव्हतं?
पण मी फुलं माल म्हणून मोजत होतो:
सहा पोती, सहा बादल्या.

पाच पिओनी, काकडीच्या लोणच्याची बरणी,
तळाशी अजून बडीशेपेचा एक दाणा.
फुलांपेक्षा बरणी अवघड.
बाई सांगतात, खालचा थर सडपातळ,
वरचा तेलकट, लठ्ठ,
उलटं केलंत तर तडकेल.
एवढं मात्र मी मान डोलावून ऐकलं.
भिंतीचंही तसंच असतं,
पहिला थर ओरबाडून ठेवावा लागतो,
नाहीतर दुसरा कशाला धरणार?

संध्याकाळी त्यांनी माझं सगळं खरवडलं.
रागानं नाही,
पात्याच्या एका ओढीत,
जसा मी शिकाऊ पोरांचा गिलावा उतरवायचो.

आणि मोडिस आठवला.
एकोणनव्वद साल, शाळेचा लांब बोळ,
कोपऱ्यात त्याच्या हातून एक लाट राहिली.
मी खरवडली. त्यानं पुन्हा केली,
पुन्हा तीच लाट,
मी पुन्हा खरवडली.
तिसऱ्या दिवशी त्याची बादली होती,
तो नव्हता.

पुढच्या गुरुवारी एक पिओनी पार गळालेली.
देठ ताठ, डोकं बोडकं,
पाकळ्या मेजावर, कडांना तपकिरी.
म्हणजे राहिल्या चार.
मी म्हटलं, उद्या एक आणतो, बाई.
त्या म्हणाल्या, आहे ते बघा.

थापीच्या टोकावर गुलाबी घेतला,
पांढरा पुरता न मिसळलेला,
दाबला,
आणि उचलली.
मनगट निघालं होतं परत फिरायला.
मी डाव्या हातानं ते धरलं.
खरंच धरलं, दुसऱ्याचं असल्यासारखं.
कॅनव्हासवर एक कड उभी राहिली
जाड, किंचित वळलेली,
खिडकीतल्या उजेडानं तिच्याखाली सावली पडली,
मी न रंगवलेली.

ती लाट, मोडिस.
चांगली होती रे.

बाकीचं झालं तसं झालं.
बरणी तिरकी आहे.
एका पाकळीत माशी अडकून मेली,
काढायला गेलो तर बाईंनी हात अडवला.
बोडका देठ मात्र नीट जमला,
बाईंनी त्यालाही मोजलं, बोट टेकवत:
तीन, चार, पाच.

आता ऑक्टोबर संपत आला.
फुलं केव्हाच उकिरड्यावर गेली,
त्यांचा रंग अजून ओला आहे.
बाई म्हणतात, इतका जाड थर,
वर्षभर तरी आतून वाळायचा नाही.
चित्र स्वयंपाकघरात, शेगडीपासून लांब.
कुणी बघत नाही असं पाहून
मी रोज एकदा अंगठा टेकवतो.

आज पावाच्या दुकानात पैसे देताना
नोटेवर गुलाबी ठसा उमटला.
मुलीनं पुसायला फडकं उचललं.
राहू दे, म्हटलं.