धातू काढून ठेवा

मेयोच्या एक्स-रे खोलीत बावीस वर्षं
मी हेच वाक्य म्हणते आहे :
धातू काढून ठेवा.
मग ट्रेमध्ये येऊन पडतात
मोमिनपुऱ्याच्या, हंसापुरीच्या गळ्यांतून उतरलेल्या गोष्टी.
घामानं काळी पडलेली चांदी, अकीक,
हवालदिल छातीवर बांधलेली हौलदिली,
आणि कुणा बाळाच्या दंडावरचा इमाम जामिनचा रुपया,
ज्यानं प्रवास केलाय
कामठीपासून फक्त इथवर.
मी चिकटपट्टीवर नाव लिहून लावते.
बावीस वर्षांत ताईत एकही हरवला नाही.
अंगठ्या दोन हरवल्या.

शफाअत अन्सारी मे महिन्यात आले,
कूलरमधलं पाणी संपलं होतं त्या दुपारी.
आधी खोकला आत आला, मग ते.
चाळीस वर्षं पॉवरलूम.
गळ्यात चांदीची नळी, दोन्ही टोकं लाखेनं बंद.
छठीच्या दिवशी अम्मीनं बांधलेली.
दोरा नऊ वेळा बदलला, म्हणाले,
पण एक मिनिटही गळा रिकामा नाही राहिला.
नुजहत, त्यांची लेक, दातांनी गाठ सोडत होती
आणि ते छताकडे पाहत होते
न्हाव्यापुढं बसवलेल्या पोरासारखे.

दोरा निघाला. मानेवर एक गोरी रेघ,
अठ्ठावन्न वर्षं ऊन न लागलेली.
"बाई, डिबिया रख लो.
कागज तो रहने दो."

आमच्या घरात कुणी दोरा बांधत नाही.
आजोबांनी छप्पन्न साली
सगळ्यांचे गंडेदोरे कापून नाग नदीत सोडले.
बाप तेव्हा आठ वर्षांचा. सांगायचा,
त्या रात्री दंड इतका हलका लागला
की झोपच येईना.
आई लाडात मला गळ्यातला ताईत म्हणाली
की चिडायचा,
"ताईत काहून म्हणते वो, पोरगी म्हण."

त्याचंच रक्त माझ्यात. पण मशीन माझी आहे,
आणि मला माहीत आहे
तिला कागद दिसत नाही.

कातरीच्या टोकानं लाख फोडली.
आत बिडीएवढी गुंडाळी, पिवळी.
घरं आखून केशरानं लिहिलेले आकडे,
निम्मे पुसलेले.
मला वाचता येईना.
त्यांनाही कधी आलं नव्हतं.
ज्या पट्टीवर मी नावं लिहिते
तिच्याच तुकड्यानं तो कागद
त्यांच्या डाव्या फासळीवर चिकटवला.
नुजहत भिंतीकडे वळली.
हसत असावी. किंवा नसावी.

श्वास घ्या. धरून ठेवा.

सोडा.

फिल्मवर सगळं आलं :
फासळ्या, जरा वाढलेलं हृदय,
उजवीकडे मुठीएवढा ढग.
कागदाच्या जागी काही नाही.

लेक दोरा बांधत असताना
त्यांची नजर माझ्या खिशावरच्या बिल्ल्यावर गेली.
"ये किस दर्गे का?"
म्हटलं, सरकारचा.
"बचाता है?"
नाही हो. नुसता मोजतो.
तीन महिन्यांनी मुंबईला जातो,
मग तिकडून कळवतात
अंगात किती शिरलं ते.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
लुंगी सावरली, चपला पायांनी शोधल्या.
"और फिर भी पहनती हो,"
म्हणाले, आणि खोकत खोकत गेले.

त्या ढगाचं पुढं काय झालं कोण जाणे.
आमच्या खोलीला पुढचं कळवत नाहीत.

बिल्ला घरी न्यायचा नसतो, नियम आहे,
खुंटीवर ठेवून निघायचं.
त्या संध्याकाळी इंदोऱ्याच्या वळणावर
हात सहज छातीशी गेला
तर होता तिथंच.
ऑटोवाल्यानं विचारलं, परत घेऊ का, मॅडम?
मी म्हटलं, राहू दे.