सेवाज्येष्ठता

माझा आकडा अठ्ठ्याऐंशी.
डुलुथच्या या छोट्या कंपनीत माझ्या वर सत्त्याऐंशी जण,
त्यातल्या चौघांचे गुडघे गेलेत,
एक डिसेंबरात निवृत्त होतोय,
केकची वर्गणी मीच गोळा करतेय.
अकरा वर्षं लागली इथवर यायला.
डाव्या खुर्चीचा पट्टा आता माझ्याच मापाला राहतो.

पहिल्या पत्रात लिहिलंय: बारा हजार चारशे सहा.
मोठी कंपनी, रुंद विमानं, तळ न्यूअर्क.
म्हणजे पुन्हा उजवी खुर्ची,
माझ्याहून नऊ वर्षांनी लहान कॅप्टन यादी वाचणार
आणि मी प्रत्येक ओळीला "झालं" म्हणणार.
नाताळ कोणाला, ते आकडा सांगणार.
राखीव महिने एका तळघरात:
सहा पलंग, एक फ्रीज, दुधाच्या बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या.
राहिलेय मी तशा खोलीत.
तेव्हा सव्वीसची होते
आणि फोनची वाट पाहताना आयुष्य खर्च होतं
हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं पत्र मालवाहतुकीचं. अँकरेज.
पंधरा रात्री बाहेर, पंधरा दिवस घरी.
"घरी म्हणजे झोपेत," लेना म्हणाली,
ती चार वर्षं उडवतेय तिकडे.
सामन मासे, सुटे भाग, एकदा बत्तीस घोडे.
घोड्यांना उशीर झाल्याचं कळत नाही म्हणे.
पगाराचा आकडा वाचून आर्विड
बराच वेळ चष्मा पुसत बसला.

तिसरा पर्याय पत्राने येत नाही.
तो इथेच आहे,
कोटाला चिकटलेला बर्फ वितळवायच्या द्रवाचा गोडसर वास,
पहाटे उड्डाण घेताना खाली सरोवरातून उठणारी वाफ,
दर तिसऱ्या रात्री स्वतःची उशी.
आणि कंपनी विकणार ही कुजबूज.
माझी पहिली कंपनी बुडाली तेव्हा
आधी कॉफीचे कप पातळ झाले होते.
त्या गणवेशाची बटणं अजून शिवणाच्या डब्यात आहेत.
गेल्या आठवड्यात इथल्या कपांना झाकणं नव्हती.

आर्विड बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
त्याची शेड, त्याची गिऱ्हाइकं, त्याचा म्हातारा बाप,
सगळं या पाण्याला बांधलेलं.
"जाऊ नकोस" असं तो कधीच म्हणत नाही.
म्हणाला असता तर मी कडकडून भांडले असते,
एक बाजू तरी मिळाली असती.
त्याऐवजी रविवारी त्याने पिठाच्या रिकाम्या पिशवीवर रकाने आखले:
पगार, विमा, रात्री, टोइवोचे हॉकीचे सामने.
शेवटच्याला नाव सुचेना,
तो त्याने तसाच कोरा ठेवला.

उड्डाणाआधी पर्यायी विमानतळ लिहून द्यावा लागतो.
तो रकाना मी आजवर कोरा सोडलेला नाही.

पासष्टला बावीस वर्षं उरलीत.
त्यातली नऊ सिग्नेची, ती अठरा होईपर्यंतची.
मागे राहतात तेरा.
तेरांसाठी नऊ द्यायची, की नऊंसाठी तेरा?
रात्री पडल्यापडल्या हे मी वाऱ्यासारखं मोडून बघते,
समोरून किती, बाजूने किती.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
पलीकडच्या खोलीत सिग्ने झोपेत खोकते
आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून.

काल शेडमध्ये हिटरपाशी
मी त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी होते.
म्हटलं, अजून ठरत नाहीये.
इंजिनातून मान वर न काढता तो म्हणाला,
"आठवडाभर तू 'तिथे' म्हणतेस
तेव्हा दर वेळी एकच जागा असते.
तुझ्या लक्षात नाही आलं?"

कुठली, ते मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.
हात मागे करून त्याने तेराचा पाना मागितला,
मी नऊचा दिला.
त्याने तो उजेडात धरून पाहिला, खाली ठेवला,
आणि स्वतःच खोक्यात शोधू लागला.